दाब, धर, सोड

क्लचचं पेडल मऊ लागायला लागलं, तेव्हा सुरुवातीला मला वाटलं की माझाच पाय थकलाय.

मी चऱ्होलीची तनुजा. सकाळच्या शिफ्टच्या बायकांना घरून उचलायचं, चाकणला कंपनीच्या गेटवर सोडायचं आणि दुपारी परत आणायचं, हा माझा धंदा. गाडीत सगळ्या बायका आणि चालवणारीही बाईच, म्हणून घरची माणसं निर्धास्त असायची. गाडी मी जुनीच घेतली होती, रावेतच्या एका एजंटाकडून. सीटा चांगल्या, इंजिनाचा आवाज गोड. एवढ्या चांगल्या गाडीला गिऱ्हाईक का लागत नव्हतं, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

पेडल मऊ लागलं म्हणून बॉनेट उघडलं, तर क्लच ऑईलची डबी रिकामी होत आलेली. भरली. आठवड्याच्या आत पुन्हा रिकामी. आता हे तेल काही इंजिनात जळत नाही. ते बंद नळीत असतं. वरून पायानं दाबलं की खाली गिअरबॉक्सपाशी जोर पोचवायचा, एवढंच त्याचं काम. कमी झालं म्हणजे कुठंतरी गळतंय. म्हणून मी गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरून ठेवला. सकाळी बघितलं तर पुठ्ठा कोरडा ठणठणीत. डबीतलं तेल मात्र उतरलेलं.

मग एक दिवस मोशीच्या चौकात गिअर निघेनाच. सिग्नल सुटलेला, मागून कंटेनर हॉर्न मारत अंगावर येतोय आणि माझा पाय पेडलबरोबर थेट फरशीला टेकलेला. कशीबशी गाडी बाजूला घेतली. माझ्या शेजारी बसणारी मिनल पुढच्या दांडीला घट्ट धरून बसली होती. खाली उतरताना हळूच म्हणाली, "ताई, घरी लेकरं आहेत गं आमची."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. गुरुवार उजाडला तशी मी गाडी घेऊन रोहिदासच्या गॅरेजला गेले.

आमच्या पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांची सुट्टी असते. ज्यांनी हा भाग फक्त चालू असताना बघितलाय, त्यांना गुरुवारची शांतता सांगून कळायची नाही. एरवी प्रेस मशीनचे ठोके जमिनीतून पायांना जाणवतात. त्या दिवशी काहीच नव्हतं. भर दुपारचं पांढरं ऊन, बंद शटरं, रिकामे रस्ते. दूर कुठंतरी एक पत्रा वाऱ्यानं हालायचा आणि थांबायचा.

रोहिदासचं गॅरेज खराबवाडीच्या पुढं, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीला लागून. पत्र्याची शेड, आत ग्रीसचा आणि तापलेल्या रबराचा वास. समोरची जागा रस्त्याकडं उतरती. रोहिदास धाराशिवकडचा, बोलायला गोड, वयानं माझ्यापेक्षा लहान. मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा.

त्यानं वरचा सिलेंडर बघितला, खालचा बघितला, सगळ्या नळीवरून पांढरं फडकं फिरवलं. फडक्याला डाग नाही.

"ताई, गळती तर कुठंच दिसंना. मग तेल जायलंय कुठं?"

"तेच विचारायला आलेय मी."

त्यानं डबीत बोट बुडवून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ह्याचा वास असा कसा यायलाय? ओल्या मातीसारखा?" मग म्हणाला, "असू द्या. सगळं जुनं तेल काढून टाकू, नवीन भरू आणि हवा काढू. नळीत हवा शिरली की पेडल असंच मऊ पडतंय. तुम्ही वर बसा, मी खाली जातो."

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं खाली पडून पान्यानं हवा सोडायची बारीकशी निपल उघडायची, तेल आणि हवा नळीतून बाटलीत सोडायची आणि निपल बंद करायची. मगच वरच्यानं पाय सोडायचा. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. सगळं आवाजावर चालतं.

गाडीचं तोंड उताराकडं होतं. हँडब्रेक नावालाच, म्हणून रोहिदासनं पुढच्या चाकाला दगड लावला. गिअर मी स्वतः न्यूट्रल केला आणि हालवून खात्री केली. तो बाजूनं आत सरकला. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधून त्याचे फक्त पाय बाहेर राहिले.

"दाबा, ताई."

मी दाबलं.

"धरा... सोडा."

असं चाललं होतं. दाबा, धरा, सोडा. खालून बाटलीत बुडबुडे फुटल्याचा आवाज यायचा. मध्येच थांबून मी डबीत तेल ओतून यायची. ऊन काचेतून मांडीवर येत होतं आणि डोळे जड होत होते.

"दाब..."

मी दाबलं.

"धर..."

मनात आलं, हा आज अरे-तुरेवर कसा आला? पण काम करताना माणूस एवढं बघत नाही, असं म्हणून सोडून दिलं.

"सोड... दाब... धर..."

आवाज त्याचाच होता. जरा घोगरा, खोलातून आल्यासारखा. गाडीखालून बोलल्यावर कुणाचाही आवाज तसाच लागेल. फक्त आता दोन शब्दांमधला वेळ वाढत चालला होता. धर म्हटल्यावर सोड यायला इतका उशीर व्हायचा की माझी पोटरी थरथरायला लागायची. पेडलला खालून कुणीतरी उलटं रेटतंय असं वाटायचं.

"अरे रोहिदास, किती वेळ धरू?"



मी मान वर करून समोर बघितलं. रस्त्याच्या पलीकडून, टपरीवरून, हातात चहाचे दोन कप सांभाळत रोहिदास येत होता.

"सोड," खालून आवाज आला.

माझा पाय उचललाच जाईना. मग पेडलच हळूहळू वर आलं, माझा पाय घेऊन.

रोहिदास खिडकीशी येऊन उभा राहिला. "तुमचा डोळा लागल्यासारखा वाटला. म्हणलं, चहा घेऊन येऊ..." आणि माझं तोंड बघून थांबला. "काय झालं ताई?"

मी फक्त खाली बोट दाखवलं.

त्यानं कप बॉनेटवर ठेवले आणि वाकून बघितलं. बराच वेळ तो वाकलेलाच राहिला. उठला तेव्हा हातात ती बाटली होती. गळ्यापर्यंत भरलेली.

"मी गेलो तेव्हा ही अर्धीसुद्धा नव्हती," तो म्हणाला. "निपल बंद करून गेलो होतो. पाना माझ्या खिशात हाय."

मी त्याला सगळं सांगितलं. तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "भिंतीच्या पलीकडं कुणी वॉचमन बोलत असंल." भिंतीपलीकडं कोणी नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हणाले, राहू दे, गाडी इथंच सोडून मी रिक्षानं जाते. पण दुसऱ्या दिवशी पहाटे बायका आपापल्या कोपऱ्यावर उभ्या राहणार होत्या. शिफ्ट चुकली की त्यांचा दिवस बुडतो. आणि गाडी चुकली की माझ्या जागी दुसरा माणूस येतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"दोन-चार वेळा दाबलं की झालं," रोहिदास म्हणाला. "असं करू ताई. मी तोंडानं बोलणारच नाही. पान्यानं ठोकीन. एक ठोका, दाबायचं. दोन ठोके, सोडायचं. तोंडी काही ऐकू आलं तर..." त्यानं खिशातला पाना काढला. "तर ते माझं नाही असं समजा."

तो पुन्हा आत सरकला. या वेळी त्यानं आधी वाकून चारही बाजूंनी बघितलं, मग गेला.

एक ठोका. मी दाबलं. दोन ठोके. सोडलं. पेडल आता कडक लागत होतं, जसं लागायला हवं तसं. मला जरा धीर आला. पुन्हा एक ठोका. दोन ठोके.

मग काहीच नाही.

तो हालणारा पत्रासुद्धा थांबला होता. काच उघडी असूनही हवा आत येत नव्हती आणि ओल्या मातीचा तो वास गाडीत भरत चालला होता, पावसाळ्यात जुन्या विहिरीत डोकावल्यावर येतो तसा.

"झालं ताई," खालून रोहिदास म्हणाला. "चांगली हवा निघाली बघा."

मी ठोक्याची वाट बघत राहिले.

"अहो ताई, झालं म्हणलं. मी निघालो बाहेर. चावी मारून बघा की आता."

हा त्याचाच आवाज होता. त्याचं ते ताई म्हणणं, ते धाराशिवकडचं बोलणं, सगळं. मघाशी अरे-तुरे करणाऱ्याला आता माझ्याशी कसं बोलायचं ते कळलं होतं... पण हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी मला खरंच वाटलं, की काम झालंय आणि बिचारा ठरलेलं विसरून बोललाय. माझा हात चावीवर गेला.

"रोहिदास, बाहेर आलास?"

"आलो की. मागं उभा हाय. आरशात बघा."

मी आरशात बघितलं. गाडीच्या मागं, उन्हात, कुणीतरी उभं होतं. निळा शर्ट, रोहिदासचा होता तसाच. एक हात वर करून हालवत होतं, गाडी पुढं घ्या म्हणून सांगतात तसं. उन्हानं चेहरा दिसत नव्हता. चावी माझ्या बोटांत अर्धी फिरली होती.

खालून पान्याचा आवाज आला. ठक. मग ठक ठक ठक ठक, वेड्यासारखा, कसलाही हिशोब नसलेला.

मी चावी उपसली आणि खिडकीतून लांब फेकून दिली. दार उघडायला वळले तेव्हा गिअरकडं नजर गेली. दांडा पहिल्यात पडलेला होता. मी त्याला हातही लावला नव्हता. पुरती चावी फिरवली असती, तर गाडी झटका देऊन दगडावरून उडाली असती आणि उतारावर तशीच गेली असती. मागचं चाक रोहिदासच्या छातीवरून.

मी खाली उडी मारली. त्याचे पाय तिथंच होते, जागच्या जागी. मी दोन्ही पाय धरून त्याला ओढलं. मागं कुणीही नव्हतं.

तो बराच वेळ भिंतीला टेकून बसला. चहा थंड झाला होता तो मी त्याला पाजला.

"ओरडला का नाहीस?"

"गळाच उघडंना ताई. हात धरून ठेवला होता कुणीतरी. कसाबसा एक सोडवला आणि ठोकत सुटलो." तो जमिनीकडं बघत बोलत होता. "माझ्या शेजारी कुणीतरी उताणं पडलं होतं. अंगाला अंग लागत होतं, थंड. मी तिकडं बघितलं नाही. पण माझाच आवाज... माझाच आवाज माझ्या कानापाशी बोलायला लागला होता. 'झालं ताई' म्हणत होता."

ती गाडी त्या दिवशी आम्ही तिथून हालवली नाही. मिनलला फोन करून मी दुसऱ्या दिवसापुरती एका ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी लावून दिली. मग रावेतच्या एजंटाला फोन केला आणि तो टाळाटाळ करायला लागल्यावर इतकी भांडले, की शेवटी त्यानं आधीच्या मालकाचं नाव सांगितलं. चाकणजवळच्या निघोजे गावचे होते ते. म्हणाला, "मॅडम, घरात एक प्रसंग झाला होता. मला जास्त माहीत नाही."

पुढच्या गुरुवारी रोहिदासच्या मोटारसायकलवर बसून आम्ही दोघं निघोज्याला गेलो. एकटीनं जायची माझी छाती नव्हती आणि एकट्यानं मागं थांबायची त्याची नव्हती.

नवं स्लॅबचं घर, बाजूला कांदा साठवायची बराख, दारात एक म्हैस. सारजाबाई नावाची म्हातारी बाहेर आली. गाडीचं नाव काढताच तिचा चेहरा दगडासारखा झाला, पण बसा म्हणाली. पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर एक तरुण पोरगा बसला होता. हा तिचा धाकटा मुलगा ओम. त्यानं आमच्याकडं बघितलंही नाही. त्याचा डावा पाय मात्र चालू होता. पुढं दाबायचा, थोडा वेळ तसाच धरायचा आणि सोडायचा. पुन्हा दाबायचा.

"दिसभर आसंच चालतं," सारजाबाई म्हणाली. "झोपंत बी."

थोरला सुजित आणि धाकटा ओम, दोघं मिळून ती गाडी चालवायचे. एक दिवस दारातच क्लचची हवा काढत होते. सुजित खाली, ओम वर. ओमनं चावी फिरवली आणि गाडी सुजितच्या अंगावरून गेली.

"पोलीस म्हनले चुकून झालं. भावकी म्हनली, रस्त्याकडंच्या जमिनीसाठी पोरानं भावाला मारला. आन ह्यो एकच बोलतोय. दादानीच सांगितलं चावी मार. दादा मागं हुबा व्हता." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी आई हाय. पर मला बी खरं वाटलं न्हाई. खाली पडलेला मानूस आसं कसं सांगंल?"

मी खुर्चीपाशी गेले आणि त्याच्यासमोर खाली बसले.

"ओम, मलाही तसंच सांगितलं होतं. चावी मारा म्हणून. आरशात माणूसही दिसला. आणि त्या वेळी हा खाली होता." मी रोहिदासकडं हात केला.

"मी बोललोच नव्हतो भाऊ," रोहिदास म्हणाला. "माझ्या आवाजात दुसरं कुणीतरी बोललं."

ओमचा पाय थांबला.

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. किती महिन्यांनी तो कुणाच्या डोळ्यांत बघत असेल, कोण जाणे. "म्हंजी... दादा बोलला नव्हता?"

"नाही. तुझा दादा बोलला नव्हता. आणि तूही खोटं बोलला नाहीस."

त्याचा चेहरा चुरगळला. सारजाबाई धावत आली, त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि "चुकले रं माज्या वाघा, मी चुकले" म्हणत मोठ्यानं रडायला लागली. आम्ही दोघंही रडलो. तिनं चहा केला, जेवून जा म्हणाली, मोटारसायकलपर्यंत सोडायला आली. परत निघालो तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माझ्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

चाकणच्या चौकात पोचतो तोच फोन वाजला. सारजाबाई होती. आवाजात कौतुक मावत नव्हतं.

"बाई, लेकरू गाढ झोपलं बघा. पाय निवांत हाय. तुमचं लई उपकार झालं." मग जरा संकोचून म्हणाली, "पर एक चुकलं माजं. तुमच्या संगट आल्यालं पावनं, त्यास्नी मी चा बी इचारला न्हाई. मला वाटलं, तुमच्या संगटच गेलं."

"कोण पाहुणे, आई? आम्ही दोघंच होतो."

"आसं कसं? निळा शर्ट घातल्यालं. तुमच्या मागनंच आत आलं की."

रोहिदासनं मोटारसायकल थांबवली होती. फोनमधलं त्यालाही ऐकू येत होतं. त्याच्या अंगावर त्या दिवशी पिवळा शर्ट होता.

"आई... ते कुठं आहेत आता?"

"हितंच. ओमच्या खाटंपाशी बसल्यात."

आम्ही तशीच मोटारसायकल वळवली. घरात ओम झोपलेला होता, शांत, लहान मुलासारखा. खाटेपाशी कुणी नव्हतं. सारजाबाई म्हणाली, "आत्ताच तर व्हतं." आणि आमच्याकडं बघून हसली, आम्हीच काहीतरी लपवतोय अशा नजरेनं.

ती गाडी मी कुदळवाडीला भंगारात दिली. डोळ्यांसमोर कापून घेतली, सुटा भाग एकही कुणाला विकू दिला नाही. आता दुसरी गाडी आहे. तिचं क्लच ऑईल जेवढं भरते तेवढंच राहतं. रोहिदासनं गॅरेज हलवलं, चिखलीला भर बाजारात घेतलं. ओम हिंडाफिरायला लागलाय, कांद्याच्या कामाला जातो, भावकीशी बोलतो. गाव म्हणतं, सारजाबाईला पोरगा परत मिळाला.

मी मधून मधून फोन करते. ती रोज चहाचा एक कप जास्त करते, ओमच्या सांगण्यावरून. खाटेपाशी ठेवते. कोणासाठी, असं ती आता विचारत नाही, आणि तिला त्याची भीतीही वाटत नाही. परवा मी धीर करून विचारलं, "आई, तो निळ्या शर्टवाला कधी काही बोलतो का हो?"

"न्हाई गं बाई," सारजाबाई म्हणाली. "गरीब हाय बिचारा. कवाच बोलत न्हाई. निस्ता बसून ऱ्हातो, आन आमी मायलेकरं काय बोलतो, कसं बोलतो... ते ध्यान दिऊन ऐकतो."